खबर द्यायची कुणी?

२०१९ च्या जुलै महिन्यात माझ्या वर्गाच्या खिडकीत दोन छोट्या बाटल्या उभ्या होत्या. विज्ञानाच्या शिक्षकांसाठी जे प्रशिक्षण झालं त्यात त्या आम्हाला दिल्या होत्या. पाणी खुणेपर्यंत भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि एक-दोन दिवस तसंच ठेवायचं. पाण्यात घाण मिसळलेली असेल, म्हणजे माणसाच्या किंवा जनावराच्या पोटातले जंतू त्यात आले असतील, तर बाटलीतलं पाणी काळं पडतं. एवढं सोपं. एका बाटलीत मी घरून उकळून आणलेलं पाणी भरलं, दुसरीत शाळेच्या टाकीतलं. सातवीच्या मुलींनी दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवल्या, एक उर्दूत, एक मराठीत. हा गुरुवार होता. शुक्रवारी जुम्म्यामुळे शाळा लवकर सुटली. शनिवारी सकाळी वर्ग उघडला तर टाकीच्या पाण्याची बाटली शाईसारखी काळी झालेली.

एका मुलीने विचारलं, ‘‘टीचर, ये काली क्यों हो गई?’’

मी म्हटलं, ‘‘उन्हात राहिली असेल.’’

हे वाक्य मी का उच्चारलं, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे. बी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं की प्रयोग फसला तरी विद्यार्थ्यांना खरं कारण सांगावं. इथे प्रयोग फसला नव्हता, चांगला यशस्वी झाला होता. तोच मला नको होता.

हेडमास्तरांना मी बाटली दाखवली. ते वाईट गृहस्थ नाहीत, हे आधीच सांगते. शाळेच्या छपरासाठी त्यांनी स्वतः वर्गणी मागत दारोदार फिरलेलं मी पाहिलं आहे. ते म्हणाले, आधी टाकी साफ करून घेऊ, मग बघू. आत्ताच सांगितलं तर पालक घाबरतील, मुलं काढून घेतील, शेजारच्या शाळेला आयतंच कोलीत मिळेल. पटसंख्या आधीच काठावर आहे. त्यांचं म्हणणं मला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा ते मला सोयीचं वाटलं. टाकी धुणारा माणूस मंगळवारी दुपारी आला. टीसीएल पावडर टाकली, पाणी बदललं, बुधवारी सगळं ठीक. मधल्या शनिवारी, सोमवारी आणि मंगळवारी सकाळी मुलं त्याच नळाला ओंजळ लावून पाणी प्याली. मी माझी बाटली घरून आणत होते.

बुधवारपासून सातवीतली एक मुलगी यायची बंद झाली. जुलाब, ताप. डॉक्टर म्हणाले पाण्यामुळे. अकरा दिवसांनी आली तेव्हा ओढणी खांद्यावरून घसरत होती, इतकी वाळली होती. कुठल्या पाण्यामुळे, हे कोणी सांगू शकत नाही. तिच्या घरचं पाणीही त्याच गावच्या नळाचं होतं. आमच्या टाकीचं नसेलही. पण ‘नसेलही’ या शब्दावर माणूस किती दिवस झोपू शकतो?

या प्रश्नाने मला पुस्तकांकडे नेलं. मला वाटलं होतं की पाण्याची खबर दडपण्याची गोष्ट आपल्यासारख्या गरीब गावांतच घडत असेल. तसं नाही.

कॅनडात ओंटारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचं पाचेक हजार वस्तीचं गाव आहे. मे २००० मध्ये तिथे मुसळधार पाऊस झाला आणि शेतात टाकलेल्या शेणखतातले जंतू गावाला पाणी पुरवणाऱ्या एका विहिरीत उतरले. सोमवारी, १५ मे रोजी पाण्याचे नमुने घेतले गेले. बुधवारी, १७ तारखेला प्रयोगशाळेने पाणीपुरवठ्याचा व्यवस्थापक स्टॅन कोबेल याला कळवलं की नमुने दूषित आहेत. गुरुवारपासून गावातली मुलं रक्ताचे जुलाब घेऊन दवाखान्यात येऊ लागली. शुक्रवारी आरोग्य खात्याने फोन करून विचारलं, पाणी ठीक आहे ना? कोबेल म्हणाला, ठीक आहे. शनिवारी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. शेवटी आरोग्य अधिकाऱ्यांनी त्याच्या शब्दावर विसंबणं सोडलं आणि रविवारी, २१ मे रोजी, पाणी उकळून प्या असं जाहीर केलं. तोवर उशीर झाला होता. सात माणसं गेली, २३०० हून अधिक आजारी पडली.

पुढे न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांनी चौकशी केली. २००२ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालातल्या दोन गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत. पहिली म्हणजे, कोबेल त्या दिवसांत हातावर हात ठेवून बसला नव्हता. शुक्रवारपासून तो नळवाहिन्या धूत होता, पाण्यात जादा क्लोरीन सोडत होता. म्हणजे आमच्या हेडमास्तरांनी केलं तेच. आधी साफ करू, मग बघू. दुसरी त्याहून विचित्र आहे. क्लोरीनच्या नोंदवहीत तो आणि त्याचा भाऊ वर्षानुवर्षं न मोजताच ०.५ किंवा ०.७५ असे आकडे लिहीत होते. आणि विहिरीचं क्लोरीन नसलेलं पाणी ते स्वतःही पीत होते. त्यांना ते पाणी चांगलंच वाटायचं. माणूस दुसऱ्याला विष पाजतो तेव्हा तो स्वतः बाजूला उभा असतो, अशी आपली समजूत असते. वॉकर्टनमध्ये तसं नव्हतं. तो लबाड होता, पण खुनशी नव्हता. २००४ मध्ये त्याला एक वर्षाची कैद झाली, भावाला नऊ महिने घरात स्थानबद्ध केलं. शुक्रवारीच त्याने खरं सांगितलं असतं तर सुमारे ३०० ते ४०० लोकांचं आजारपण टळलं असतं, असं न्यायमूर्तींनी म्हटलं आहे. हा आकडा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं.

नीतिशास्त्रात खोटं बोलणं आणि न बोलणं यांत फरक करतात, आणि तो फरक पुष्कळ ठिकाणी खराही आहे. शेजाऱ्याच्या घरातलं भांडण मी कोणाला सांगितलं नाही, तर मी खोटी ठरत नाही. गप्प राहण्यात तिथे भलेपणाच आहे. पण पाण्याची खबर त्या जातीची नाही. एखादी गोष्ट दडवली की ती एकदाच दडवली जाते, असं आपल्याला वाटतं. पाण्याच्या बाबतीत ती दर ग्लासाला नव्याने दडवली जाते. मुलगी नळाला ओंजळ लावते तेव्हा ती एका भरवशावर लावते. तो भरवसा खोटा आहे हे मला ठाऊक आहे आणि मी दहा पावलांवर उभी आहे. अशा वेळी माझं गप्प राहणं म्हणजे ‘पी बेटा’ असं म्हणणंच झालं.

हदीसमधला धान्यविक्रेत्याचा प्रसंग आपल्या वाचकांना माहीत आहे. बाजारात धान्याच्या ढिगात रसूलुल्लाहांनी हात घातला तर आत ओल लागली. विक्रेत्याने सांगितलं, पाऊस लागला होता. त्याला विचारलं गेलं की मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाही. लहानपणापासून मी हा प्रसंग व्यापारातल्या फसवणुकीचा म्हणून ऐकत आले. आता त्यात मला दुसरं काही दिसतं. धान्य त्या माणसाने भिजवलं नव्हतं. पावसाने भिजवलं होतं. जाब विचारला गेला तो भिजण्याबद्दल नाही, तर ओल तळाशी ठेवण्याबद्दल. वॉकर्टनचा पाऊसही कोणी पाडला नव्हता. आमच्या टाकीतही मी काही टाकलं नव्हतं.

आता अमेरिकेतलं फ्लिंट. तिथली गोष्ट जास्त कडवट आहे, कारण तिथे कायदा होता. अमेरिकेत पाण्यात दोष आढळला की ग्राहकांना कळवावंच लागतं, आणि धोक्यानुसार मुदत ठरलेली आहे: तातडीचा धोका असेल तर २४ तासांत, त्याहून कमी असेल तर ३० दिवसांत, कागदोपत्री चूक असेल तर वर्षभरात. सूचनेत काय झालं, कोणाला धोका आहे, दुसरं पाणी वापरायचं का, काय करायचं, हे सगळं साध्या भाषेत लिहावं लागतं. इतका बारीक विचार करून ठेवलेला. तरीही मिशिगन राज्यातल्या या शहराला एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी नदीचं पाणी द्यायला सुरुवात झाली, ते नळ गंजवणारं पाणी नीट प्रक्रिया न करताच सोडलं गेलं आणि जुन्या नळांतलं शिसं घराघरांत पोहोचलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सने ते पाणी आपल्या कारखान्यात वापरणं बंद केलं, कारण इंजिनाचे भाग गंजत होते. लोखंडाला चालत नाही ते पाणी मुलं पीत राहिली. जानेवारी २०१५ मध्ये राज्य सरकारच्या तिथल्या कार्यालयात कर्मचाऱ्यांसाठी शुद्ध पाण्याचे कूलर आणून बसवले गेले. लोकांना मात्र पाणी सुरक्षित आहे असंच सांगणं चालू होतं.

कूलरची ही गोष्ट वाचताना मला माझी घरून नेलेली बाटली आठवली. तिचं काय करावं हे मला अजून कळलेलं नाही.

फ्लिंटची खबर शेवटी ज्यांनी द्यायची होती त्यांनी दिली नाही. बाटल्यांत पाणी भरून विद्यापीठाकडे पाठवणाऱ्या आया होत्या, तपासणारे प्राध्यापक होते, आणि मोना हॅना-अटीशा नावाच्या इराकी वंशाच्या बालरोगतज्ज्ञ होत्या. त्यांनी २४ सप्टेंबर २०१५ रोजी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की पाणी बदलल्यापासून शहरातल्या ज्या लहान मुलांच्या रक्तात शिसं जास्त आहे त्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं आहे. सुरुवातीला सरकारी मंडळींनी त्यांनाच खोटं पाडायचा प्रयत्न केला. तीन आठवड्यांत पाणी बदलावं लागलं. पुढे २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि शिशाची खबरही २४ तासांच्या मुदतीत आली. ती राज्याने दिली नाही तर केंद्राच्या यंत्रणेने द्यायची, असंही ठरलं.

फ्लिंटमधली आणखी एक बारीकशी गोष्ट आहे, जी उर्दू माध्यमात शिकवणाऱ्या माणसाला लगेच टोचते. तिथे स्पॅनिश बोलणाऱ्या वस्त्या आहेत. सूचना इंग्रजीत निघाल्या. त्या घरांतल्या पुष्कळांना सगळ्या शहरानंतर कळलं, आणि कागदपत्रं नसलेली माणसं तर पाणी वाटणाऱ्या गणवेशातल्या माणसांना बघून दारच उघडत नव्हती. आमच्या मोहल्ल्यात ग्रामपंचायतीची सूचना मराठीत लागते. मुलांना मराठी येतं, बापांना कामापुरतं येतं, घरात चूल सांभाळणाऱ्या बायांपैकी कित्येकींना वाचता येत नाही. आणि पाणी भरतं कोण? त्याच. कागद चिकटवला की आपलं काम झालं असं मानणाऱ्याला कळवायचं नसतंच, कळवल्याची नोंद हवी असते. वॉकर्टनमध्येही सूचना स्थानिक रेडिओवर झाली आणि त्या दिवशी ती गावातल्या निम्म्याहून कमी लोकांपर्यंत पोहोचली. आपल्याकडे एक सोय आहे, मशिदीवरून ऐलान होतं. कोणी वारलं, पोर हरवलं, पोलिओचा डोस आहे, सगळं त्यावरून कळतं. पाण्याबद्दल मी ते फक्त ‘आज पाणी येणार नाही’ एवढंच ऐकलं आहे. पाणी आलं आहे पण पिऊ नका, असं कधी ऐकलं नाही.

हेडमास्तरांची बाजूही नीट मांडायला हवी, नाहीतर मी त्यांच्यावर अन्याय करीन. लोक घाबरतात, हे खरं आहे. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनी शहरात पाण्यात जंतू सापडल्याचे अहवाल आले आणि सुमारे तीस लाख लोकांना पाणी उकळून प्या असं सांगितलं गेलं. दोन महिन्यांत असं तीनदा झालं. आजारी मात्र कोणी जास्त पडलं नाही. पुढे चौकशीत प्रयोगशाळेच्या आकड्यांवरच शंका घेतली गेली. लोकांचा राग किती झाला असेल? खोट्या हाकेने विश्वास झिजतो आणि पुढच्या वेळी खऱ्या हाकेलाही कोणी धावत नाही. मग उकळणंही फुकट नसतं. माझ्या मोहल्ल्यात पाच माणसांचं पाणी रोज उकळायचं तर सिलिंडर किती लवकर संपतो, ते मी सांगायला नको. शिवाय नुसतं ‘उकळा’ म्हणून भागत नाही. जंतू उकळण्याने मरतात, शिसं मरत नाही. पाणी आटलं की ते उलट दाट होतं. अर्धवट खबर देणाराही नुकसान करतो.

तरीही दोन्ही पारडी सारखी नाहीत. सिडनीच्या लोकांनी विनाकारण पाणी उकळलं, त्यांचा गॅस गेला, चिडचिड झाली. वॉकर्टनच्या लोकांनी उकळलं नाही. आणि मुख्य म्हणजे घाबरायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क कोणाचा? पालक घाबरतील असं आम्ही दोघांनी स्टाफरूममध्ये ठरवलं, त्यांना न विचारता. ज्या बाया रोज कोणत्या दुकानातून तेल घ्यायचं, कोणत्या डॉक्टरकडे जायचं, उधारी किती करायची हे ठरवतात, त्यांना पाण्याची बातमी पेलवणार नाही, हे आम्हाला कोणी सांगितलं?

सांगितल्यावर पुढे काय, हा प्रश्न मात्र मला अजूनही अडवतो. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून लाखो हातपंप बसवले गेले, तळ्यांच्या घाण पाण्यापासून लोकांना वाचवण्यासाठी. १९९३ मध्ये कळलं की जमिनीतल्या त्या पाण्यात आर्सेनिक आहे. मग सुमारे पन्नास लाख पंप तपासले गेले आणि रंगवले गेले, चांगल्याला हिरवा रंग, वाईटाला लाल. चौदा लाखांच्या आसपास पंप लाल निघाले. याहून साधी खबर कोणती असेल? वाचता न येणाऱ्या बाईलाही कळते. पण ज्या वाडीतले सगळे पंप लाल, तिथे तिने जायचं कुठे? काही जणी शेजारच्या हिरव्या पंपावर जाऊ लागल्या, काहींना ते लांब पडलं. काही वर्षांत रंगही उडाला. पर्याय न देता खबर दिली की ती शापासारखी वाटते, हे मान्य करावं लागतं. म्हणून लाल रंग द्यायलाच नको होता का? ज्या बाईला पंप लाल आहे हे माहीत आहे, ती निदान लहान मुलाला कुठलं पाणी पाजायचं ते ठरवू शकते. माहीत नसलेली तेवढंही करू शकत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही रंग आहेत. आरोग्य खातं गावच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला कार्ड देतं, जोखीम नसेल तर हिरवं, मध्यम असेल तर पिवळं, तीव्र असेल तर लाल. पद्धत चांगली आहे. पण कार्ड मिळतं ग्रामपंचायतीला. माझ्या वर्गातल्या मुलांना मी विचारलं, आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे? मुलं क्रिकेटच्या संघांचे रंग सांगू लागली. नंतर घरी सासऱ्यांना विचारलं. ते एकदा पंचायतीचे सदस्य होते, त्यांनाही आठवेना.

२००५ चा माहितीचा अधिकार आहेच. जिवाशी संबंध असलेली माहिती मागितली तर ४८ तासांत द्यावी लागते, असं त्यात लिहिलं आहे. पण ‘मागितली तर’. जी गोष्ट आहे हेच ठाऊक नाही, ती माणूस मागणार कशी? माझ्या सातवीच्या मुलीने अर्ज करायला हवा होता का? खरं म्हणजे तिने अर्ज केला होता. तोंडी. ‘‘टीचर, ये काली क्यों हो गई?’’ मी तो फेटाळला. याच कायद्याच्या चौथ्या कलमात सरकारी कचेऱ्यांनी पुष्कळशी माहिती न मागताच जाहीर करावी असंही आहे, हे लोक विसरतात. जाणून घेण्याचा हक्क आणि सांगण्याचं कर्तव्य या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत असं बोलतात. मला तसं वाटत नाही. हक्काचं ओझं न जाणणाऱ्यावर पडतं. कर्तव्याचं ओझं जाणणाऱ्यावर. वॉकर्टनच्या प्रयोगशाळेने अहवाल फक्त व्यवस्थापकाला पाठवला होता, आरोग्य खात्याला नाही, कारण कायदा तसं सांगत नव्हता. कायदा मोडला नव्हता म्हणून ती मंडळी निर्दोष होती का? ओंटारिओने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नियम बदलून ही पळवाट बुजवली. आमच्यासारख्या शाळेच्या टाकीसाठी तर कुठली पळवाटही लागत नाही.

सत्यजित राय यांचा ‘गणशत्रू’ (१९८९) काहींनी पाहिला असेल. इब्सेनच्या १८८२ च्या नाटकावर तो आधारलेला आहे. त्यात डॉक्टर सांगतो की देवळातलं तीर्थ दूषित आहे, आणि सगळं गाव त्याच्यावर उलटतं. चित्रपट बघताना आपण डॉक्टरच्या बाजूने असतो, ते फुकटचं असतं. मी मनात देऊळ काढून तिथे आमच्या मशिदीचा हौद ठेवून पाहिला, आणि माझीच छाती धडधडली. मग हौद काढून शाळेची टाकी ठेवली. तिथे तर कोणी दगड मारणार नव्हतं. फार तर पटसंख्या घसरली असती, हेडमास्तर दोन महिने बोलले नसते. एवढ्यासाठी मी गप्प बसले होते.

वॉकर्टनच्या त्या शनिवारी पाणीपुरवठ्यातल्याच एका कर्मचाऱ्याने नाव न सांगता पर्यावरण खात्याला फोन केला होता की नमुने खराब आले आहेत. तो माणूस मला कोबेलपेक्षा जवळचा वाटतो. भित्रा, पण फोन उचललेला. मी तेवढंही केलं नाही.

जानेवारी २०२० मध्ये मातांची सभा होती. हजेरी, गणवेश, शिष्यवृत्तीचे अर्ज, नेहमीचे विषय. शेवटी मी उठले आणि सांगितलं की जुलैमध्ये शाळेच्या टाकीचं पाणी खराब निघालं होतं, ते आम्हाला कळलं होतं आणि आम्ही सांगितलं नाही. आता दर महिन्याला तपासणी करून नळाजवळच्या फळ्यावर उर्दू आणि मराठीत निकाल लिहू, आणि खराब निघालं तर त्याच दिवशी मुलांकडून निरोप पाठवू. हेडमास्तर खिडकीबाहेर बघत होते. थोडी कुजबुज झाली. कोणी ओरडलं नाही. कोणी मुलगी काढून घेतली नाही.

मागच्या रांगेत ती अकरा दिवस आजारी असलेल्या मुलीची आई बसली होती. सभा संपल्यावर ती थांबली. बाकीच्या गेल्यावर जवळ येऊन म्हणाली, ‘‘टीचर, आपको किस दिन मालूम हुआ था?’’

मी म्हटलं, ‘‘शनिवारी.’’

ती बोटांवर मोजू लागली. शनिवार, इतवार, पीर, मंगळ.